गुडघाभर पाण्यात

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो सिद्धेश, माझा सख्खा चुलतभाऊ. तो फेकणाऱ्यातला नाही. उलट त्याला दोन वाक्यं बोलायला लावायची तर तासभर मागे लागावं लागतं.

आणि रात्रबित्र काही नव्हती. गेल्या वर्षीचा सप्टेंबर, शनिवार, दुपारचे साडेबारा. लख्ख ऊन. जागा अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या उत्तरेच्या डोंगरातली, सिद्धेशच्या अल्फारेटाच्या घरापासून सव्वा तासावर.

आमची काकू, म्हणजे सिद्धेशची आई गेली आणि त्याच्या वडिलांनी, मनोहरकाकांनी बोलणं सोडलं. चाळीस वर्षं नागपूरजवळ हिंगण्याला पंप दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस खिडकीत नुसता बसून राहायचा. सिद्धेश त्यांना अमेरिकेला घेऊन गेला. तिथे खिडकी बदलली, बाकी काही बदललं नाही.

मग एका वीकेंडला सिद्धेश एक जुनं ड्रेज घेऊन आला. ओढ्याच्या तळाची वाळू जाड पाइपने वर ओढायची, घसरगुंडीसारख्या पत्र्यावरून वाहू द्यायची आणि खाली सोन्याचे कण उरतात का ते बघायचं, असलं ते मशीन. पाण्यावर तरंगायला दोन फ्लोट, वर इंजिन, दोन माणसांनी उचलण्याजोगं. त्या डोंगरात कधीकाळी सोनं निघायचं म्हणतात. एका म्हाताऱ्या बाईच्या शेडमध्ये हे मशीन वर्षानुवर्षं पडून होतं. गाडीत चढवताना ती एवढंच म्हणाली, की इंजिन चालू असताना काठावरच्या माणसाने उठायचं नाही.

सिद्धेशला वाटलं, सेफ्टीसाठी सांगत असेल.

काकांनी गॅरेजमध्ये त्या गंजक्या धुडाला एक फेरी मारली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून बोलले.

"दहाचा पाना आहे का रे तुझ्याकडे?"

सिद्धेश मला फोनवर हे सांगताना रडला होता.

पुढचे दोन महिने काका गॅरेजमध्येच. कार्ब्युरेटर उघडला, पंपाचं सील बदललं. इंजिनाच्या बाजूला एक छोटा कॉम्प्रेसर होता, त्याला लांब पिवळी नळी आणि टोकाला रबराचा तोंडात धरायचा तुकडा. पाण्याखाली बुडून काम करणाऱ्याला हवा मिळावी म्हणून.

"बाबा, ते रिमूव्ह करा. आपण डाइव्ह थोडीच करणार आहोत? नी-डीप पाण्यात उभं राहायचंय फक्त."

"अर्धं मशीन दुरुस्त करून मी कधी कोणाला दिलं नाही," काका म्हणाले. "जे आहे ते सगळं चाललं पाहिजे."

आणि त्यांनी ते चालू केलं.

तपासायला नळीचं टोक पाण्याच्या बादलीत टाकलं. त्या टोकाला एक वॉल्व्ह होता. कोणी श्वास ओढला तरच तो हवा सोडायचा. म्हणजे बादली शांत राहायला हवी होती.

बादलीत बुडबुडे आले...

थांबले.

पुन्हा आले... पुन्हा थांबले. संथ, एका लयीत.

"वॉल्व्ह अडकतोय," काका म्हणाले. पण बराच वेळ ते बादलीकडे बघत बसले होते.

तर तो शनिवार. मित्राच्या ओळखीतल्या एकाच्या खासगी जमिनीतून जाणारा ओढा. पाणी कुठेही गुडघ्याच्या वर नाही, तळाचा गोटा न् गोटा दिसत होता. काका इंजिनाशेजारी खुर्ची टाकून बसले. सिद्धेश पाण्यात पाइप धरून उभा. काका मजेत होते, ओरडून सूचना देत होते.

तासाभराने सिद्धेशच्या लक्षात आलं, सूचना थांबल्यात.

त्याने वळून पाहिलं.

पिवळी नळी फ्लोटवर गुंडाळून ठेवलेली होती. आता ती तिथे नव्हती. एक टोक इंजिनाला, मधला भाग काकांच्या मुठीत... आणि बाकीची सरळ पाण्यात गेलेली.

"बाबा, ती पाण्यात कशाला सोडली?"

"मी नाही सोडली."

काकांची नजर एका खडकापाशी होती. तिथे बुडबुडे येत होते. येत होते, थांबत होते.

"तो आहे खाली," काका हळूच म्हणाले. "तू पेट्रोल बघ. संपत आलंय."

काकू गेल्यानंतर डॉक्टरांनी बजावलं होतं, या वयात मनावर परिणाम होऊ शकतो. आत्ता कुठे परत मिळालेला बाप पुन्हा हातचा जाणार, एवढंच सिद्धेशच्या डोक्यात होतं. तो चालत खडकापाशी गेला. बुडबुडे त्याच्या दोन पायांच्या मधून वर येत होते. पाय इकडे फिरवला, तिकडे फिरवला. गोटे, वाळू. काही नाही.

"बाबा, बघा. कोणी नाहीये इथे. मी स्विच ऑफ करतोय."

"सिद्धेश, नको."

त्याने इंजिन बंद केलं.

एकदम शांतता. पाखरूसुद्धा नाही.

मग नळी ताणली गेली...

एकदा.

दोनदा.

मग इतक्या जोरात, की काका खुर्चीवरून गुडघ्यांवर आले आणि तसेच पाण्यापर्यंत ओढले गेले. सिद्धेशने मागून त्यांची कंबर धरली. नळी झटके देत राहिली. देत राहिली. किती वेळ, त्याला सांगता येत नाही.

मग ती सैल पडली.

बुडबुडे थांबले.

सिद्धेशने नळी ओढून घेतली. टोकाला कोणी नव्हतं. पाणी बर्फासारखं गार होतं. पण तो रबराचा तुकडा... गरम होता.

"बंद का केलंस रे?" काकांनी विचारलं. रागाने नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

सिद्धेशने ते मशीन भंगारात दिलं. काका महिनाभरात नागपूरला परत आले. आमच्याशी ते बोलतात. मॅचबद्दल, भाजीबद्दल. सिद्धेशचा दर रविवारी व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा मात्र एकच विचारतात.

"वर आला का?"

"नाही, बाबा."

एवढ्यावर कॉल संपतो.

गेल्या रविवारी मी काकांना खेटून बसलो होतो. सिद्धेश थकलेला दिसत होता. त्या दिवशी तो खोटं बोलला.

"हो बाबा. आला वर. घरी गेला तो."

काकांनी मान हलवली.

"नाही रे," ते म्हणाले आणि मूठ कॅमेऱ्यासमोर धरली. रिकामी मूठ.

ती हलली...

म्हातारपणाची थरथर असेल, म्हणून मी त्यांचं मनगट धरलं. मला खरंच तसं वाटलं होतं.

खालून ओढ लागत होती. एकदा. मग दोनदा.

मी घाबरून हात सोडला.

काकांनी मूठ सोडली नाही. त्यांनी पडद्यावरच्या सिद्धेशकडे पाहिलं आणि अगदी मायेने म्हणाले,

"तू झोप जा. मी बसतो इथे."