मोरीतलं पोतं

"साहेब, पाणी आलंच नाही!"

कालवा निरीक्षकाने अजून सकाळचा चहाही घेतला नव्हता. त्याच्या एका खोलीच्या सरकारी घरात फोन वाजायचा तो पाण्यासाठीच. तुम्ही कसे आहात, हे विचारायला वर्षभरात कुणाचा फोन आला नव्हता, आणि आता त्यालाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

फोनवर होती कालव्यातून शेतांना पाणी नेणाऱ्या चारीच्या अगदी शेवटच्या शेताची मालकीण. तिला सगळे टोकाची ताई म्हणत.

"कालपासून बांधावरून हलले नाही. आज संध्याकाळी पाण्याची पाळी संपते. टोमॅटोच्या रोपांनी माना टाकल्यात. पुढच्या पाळीपर्यंत एक काडी जगायची नाही!"

"कुणावर संशय?"

"विचारता काय? वरच्या काकांवर! चारी आधी त्यांच्या शेताजवळून येते. आबांना फोन केला, तर त्यांना म्हणे काहीच दिसलं नाही."

आबा म्हणजे तिचे वडील. चारी रस्त्याखालच्या मोरीतून पलीकडे जाते, तिथेच त्यांचं घर. राहतात एकटेच.

निरीक्षक निघाला. वरचे काका शेतात गुडघाभर चिखलात उभे होते, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"पाणी अडवलंत?"

"मी? अहो, चारी तुंबून माझाच कांदा सडतोय! कोण असं पायावर धोंडा मारून घेईल?"

ते खरं दिसत होतं. निरीक्षक चारीच्या कडेने रस्त्यापर्यंत आला. अलीकडे काठोकाठ पाणी, पलीकडे तळ कोरडा. तुंबलेलं पाणी रस्त्यावरून बाजूच्या ओढ्यात पळत होतं. गेल्याच वर्षी मुरूम दाबून पक्का केलेल्या त्या रस्त्याचा चिखल झाला होता, आणि त्यात दुधाचा टेम्पो रुतला होता.

"काल पण इथेच फसलो," टेम्पोवाला म्हणाला. "पण आबा म्हणजे देवमाणूस. गाडी थांबायच्या आत फळ्या घेऊन हजर. चहासुद्धा उकळलेला! मागच्या पाळीलाही असंच झालं होतं. तेव्हा मात्र तासाभरात पाणी आपोआप उतरलं."

"आपोआप?"

"आपोआपच. नाहीतर कुणाला पडलंय?"

निरीक्षकाने मोरीच्या तोंडात बांबू घातला. काहीतरी मऊ लागलं. खांद्यापर्यंत हात घालून चाचपलं, तर मातीने भरलेलं पोतं. पोत्याच्या गळ्याला दोर होता, अर्ध्यात तुटलेला.

एवढ्यात आबा किटली घेऊन आले. दोन्ही तळव्यांना फडकी गुंडाळलेली.

"हाताला काय झालं?"

"चुलीचा चटका."

"दोन्ही हातांना?"

"म्हातारपणी काय, कुठेही भाजतं." आबांनी पेला पुढे केला. "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"कुणी नाही."

"मग घाई कसली? बसा की निवांत."

निरीक्षक बसला. खरं तर पाणी अडलेलं असताना बसायला नको होतं.

फळ्यांवरून टेम्पो निघाला. मग त्यालाच साखळी बांधून पोतं ओढलं. मोरीतून पाणी धो धो पलीकडे धावलं. निरोप मिळताच टोकाची ताई गाडीवरून आली. काकाही तिथे पोचले होते. ती सरळ त्यांच्या अंगावर गेली.

"काका, जनाची नाही तर मनाची तरी?"

"थांबा, ताई. काकांनी काही केलेलं नाही," निरीक्षक म्हणाला. "मोरी बुजवून पाण्याचा फायदा कुणालाच झाला नाही. त्यांचा कांदा गेला, तुमचं रोप वाळलं. झालं एवढंच, की रस्त्याचा चिखल झाला आणि गाड्या थांबल्या. शिवाय पोत्याला दोर होता. कायमचं बुजवणारा दोर कशाला बांधेल? ज्याने घातलं, त्याला ते पुन्हा काढायचं होतं. मागच्या पाळीला काढलंही. या वेळी पाण्याच्या दाबाने पोतं आत रुतलं, दोर तुटला आणि ओढणाऱ्याचे तळवे सोलले."

तो आबांकडे वळला.

"गाडी थांबायच्या आत फळ्या अन् चहा कुणाकडे तयार होता?"

आबा खाली बघत होते. "कालपासून ओढतोय गं. निघेचना. कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

"आबा? माझं पाणी तुम्ही अडवलंत?"

"रस्ता खराब होता तेव्हा बाजारातून येताना गाडी इथे लावायचीस. पाणी प्यायचीस, दोन शब्द बोलायचीस. आता हॉर्न वाजवतेस आणि जातेस. वाटलं, तूही अडकशील. तासभर."

"मी काल आलेच नाही. पाण्याची वाट बघत शेतातच बसले." तिचा आवाज फाटला. "अहो, फोन करायचा ना!"

"केला की विचारतेस, काय काम होतं? काम तर काही नसायचं."

तिने पदराने डोळे पुसले, रागारागाने गाडी वळवली. "बसा मागे. पाणी पोचेल आता. वाफ्यावाफ्यात वळवायला दुसरं माणूस लागेल मला."

"घर उघडं टाकून? कुणी आलं म्हणजे?"

"कोण येतंय तुमच्याकडे?"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"तेही खरंच," आबा म्हणाले आणि मागे बसले. फडक्यातल्या हातांनी गाडी धरता येईना. तिने ते हात ओढून स्वतःच्या कमरेभोवती घेतले.

गाडी निघाली. आबा काहीबाही बोलत होते. ती 'हं' म्हणते की नाही, ते निरीक्षकाला ऐकू आलं नाही.