बिनवासाचा वायू

टाकीतून बाहेर येणारा वायू डॉ. इरफान मुजावरांनी तिसऱ्यांदा तपासला आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, वास गायब आहे."

ऊर्मिला खटावकर हसली. ही शोषटाकी तिचीच. घरच्या वायुनळावरून गाडी भरायची तर एरवी प्रचंड दाब लागतो. तिच्या टाकीतला सच्छिद्र कोळसा मात्र थोडक्या दाबातच वायू शोषून धरून ठेवी. महिनाभर कराडला तिच्या वडिलांच्या गल्लीत लोक ही टाकी बसवून अंगणातच गाड्या भरत होते आणि पुण्याच्या या प्रयोगशाळेत तिचं नुसतं कौतुक चाललं होतं.

"नैसर्गिक वायूला मुळात वास नसतोच," मुजावर म्हणाले. "गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. आपला कोळसा ते द्रव्य पकडतो आणि सोडतच नाही. परत येतो तो नुसता वायू."

"येऊ दे की! तो इंजिनात जळतो. त्याला हुंगायला कोण जातंय?"

म्हणाली खरी, आणि तिचा हात फोनकडे गेला. कराडला कालपासून दुरुस्तीसाठी वायुनळ बंद होता. तिचे वडील दत्तोबा, एसटीच्या कार्यशाळेतले निवृत्त फिटर, सकाळीच फोनवर फुशारकी मारत होते, की गाडीच्या टाकीला नळी जोडून शेगडी पेटवणार! आणि आबांची जन्माची खोड म्हणजे जोड नाकाने तपासायचा. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघणं म्हणे शिकाऊंसाठी.

तिने फोन लावला. उचला हो आबा, उचला!

"काय गं ऊर्मे?"

"शेगडी पेटवलीत?"

"पेटवतोच आहे. काडेपेटी हातात आहे."

"टाका ती! एकही बटण दाबू नका. आधी बाहेर या, टाकीचा कॉक बंद करा."

"अगं, जोड हुंगलाय मी. वासाचा मागमूस नाही."

"त्या वायूला वासच उरला नाही आबा! माझ्या टाकीने खाल्ला तो."

"चाळीस वर्षं या नाकावर गाड्या सोडल्यात मी." आबा चिडले होते. "थांब, तुझ्या समाधानाला साबण लावतो."

"पाया पडते तुमच्या, बाहेर या!"

फोनवर पाणी ढवळल्याचा आवाज आला.

"फेस येतोय गं," ते हळूच म्हणाले. "मोठाले बुडबुडे."

मग दाराची कडी वाजली, रस्त्यावरचे हॉर्न ऐकू आले. आबा अंगणात पोचले, त्यांनी कॉक बंद केला. ऊर्मिला रडायलाच लागली. मुजावरांनी पाण्याचा पेला पुढे केला.

"जीव भांड्यात पडला माझा, आबा."

"ऊर्मे..." आबा एकदम म्हणाले. "सकाळपासून गल्लीत सात घरांना त्यांच्या त्यांच्या गाडीच्या टाकीवरून नळ्या जोडून दिल्यात मी. सगळे जोड हुंगूनच. आणि आता स्वयंपाकाची वेळ झालीये गं."

फोन चालूच राहिला. आबा धापा टाकत पळत होते, ओरडत होते, "काडी ओढू नका! कुणी काडी ओढू नका!"

कुठल्याशा खिडकीतून एका बाईचं निवांत उत्तर आलं, "घाबरू नका हो दत्तोबा, जरासुद्धा वास येत नाहीये!"