देवीने नाकारलेला रोट

"चला, ओढ्यावर! बर्फ वितळलाय!" विगमुंड ओरडला. देवीला रोट वाहायचा महिना लागला की नांगर धरेपर्यंत मुलांना गुरं राखण्यापासून सुट्टी.

"मीपण येते," ब्रिडा म्हणाली.

टिल्बाने तिचा हात झटकला. "तू नको! तुम्हाला देवीनेच टाकलंय!"

ब्रिडाने पाठ फिरवली. ती घराकडे चालू लागली.

टिल्बा ही पुरोहित हुन्वाल्डची मुलगी. आदल्या दिवशी प्रत्येक घराने धरणीमाता एर्काच्या देवराईत मधाचा रोट ठेवला होता. सकाळी सगळे रोट गायब! फक्त ब्रिडाच्या आईचा, विधवा एबाचा, तिथेच. टिल्बाच्या बाबांनी गावासमोर सांगून टाकलं, "देवीने एबाचा रोट नाकारला. यंदा गावाचा नांगर तिच्या शेतात जाणार नाही." नांगर नाही तर पीक नाही. दुपारी पंच निवाडा देणार होते.

"ओढा राहू दे. देवी कुठे बसून जेवली ते बघू या!" विगमुंडने टूम काढली.

देवराईत एबाचा रोट चिखलात पडला होता.

"अगं, हा चावलाय! चावून थुंकलाय!" विगमुंड म्हणाला.

टिल्बाने कण जिभेवर ठेवला. "थू! कडूजहर! नागदवणा आहे यात."

"एबाकाकू वोडेनदेवाचं नाव घेऊन आजाऱ्यांना देते तो पाला? देवीला काय खोकला झालाय?" विगमुंड खिदळला आणि एकदम थांबला. "टिल्बा, देवीला खूर असतात?"

चिखलात खुरांचे ठसे होते!

"कुणाचा तरी घोडा शिरला असेल!"

"घोड्याला इथे बंदी आहे, येडे! इथे येते ती फक्त..."

टिल्बाने ठसे पुन्हा निरखले. पुरोहिताने भाला धरायचा नाही, घोड्यावर बसायचं नाही. त्याने घोडीच वापरायची. देवराईत येणारी घोडी एकच, बाबांची करडी!

करडी कुंपणापाशी चरत होती. गळ्यातला दोर लोंबत होता. विगमुंडने खिशातला मधाचा रोट पुढे केला. गट्टम! एबाच्या रोटाचा तुकडा दिला. फुर्र! थुंकला!

"बाबांची गाठ!" टिल्बा पुटपुटली. "आई रोज सांगते, नीट बांधा म्हणून."

"गप्प बसू या. गाव तुझ्या बाबांना हसेल."

टिल्बाला ब्रिडाची वळलेली पाठ आठवली. तिने करडीच्या गळ्यातला दोर काढला आणि तो घेऊन पळत सुटली.

पंच ओकच्या झाडाखाली जमले होते. "बाबा, रोट करडीने खाल्ले! दोर सुटला होता. एबाकाकूचा कडू लागला, म्हणून थुंकला!"

"देवी चार पायांची निघाली!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. हुन्वाल्डचा चेहरा लालबुंद झाला. तो दोर हातात घेऊन बघत राहिला. मग त्याने एबापुढे मान खाली घातली.

"एबा, मी पायाखाली बघितलंच नाही. माझा गलथानपणा मी देवीच्या नावावर घातला."

"पहिला नांगर एबाच्या शेतात!" म्हाताऱ्या मुखियाने निवाडा दिला. "आणि बैलांपुढे पुरोहित चालेल! शाबास, पोरांनो! थुनोरदेवाची शपथ, टिल्बा, बापासमोर खरं बोलायला छाती लागते!"

सगळे टिल्बाची पाठ थोपटत होते. तिला मात्र मान वर करवेना. सकाळी हात झटकला तेव्हा कुठे होती ही छाती?

एबाच्या शेतात नांगर सुरू झाला. टिल्बा बांधावरच थांबली.

"ब्रिडा, मी..."

"उभी काय राहिलीस? दगड वेच!" ब्रिडा नांगराच्या तासातूनच म्हणाली. "फाळ मोडेल."

टिल्बा खाली उतरली आणि वाकून दगड वेचू लागली. ब्रिडाकडे बघायचा धीर तिला अजून होत नव्हता. पण टोपली दोघींची एकच होती.