चार नंबरच्या खोलीतली बेल

पटो वा न पटो, हे माझ्यासोबत घडलंय. मंगळवार, दुपारचे साडेतीन, आमच्या कोल्ड स्टोरेजचं ऑफिस. बाहेर लख्ख ऊन होतं, त्यामुळे अंधारात भास झाला असंही म्हणता येत नाही.

मी तिथे रिपोर्ट बनवते. माझा मोठा भाऊ तिथेच मशिनं दुरुस्त करायचा. मला 'तक्तेवाली' म्हणून चिडवायचा.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी तो चार नंबरच्या थंड खोलीत पंखा बघायला गेला. दार आतून उघडेना. त्याने धोक्याची बेल दाबली, पण भोंगा बिघडलेला होता. बेलची नोंद तेवढी ऑनलाइन जात राहिली...

एक्केचाळीस वेळा.

रिपोर्ट रोज सकाळी सहाला एकदाच ताजा व्हायचा. तसं मीच लावून ठेवलं होतं.

सहाला मी पाहिलं. तोवर सगळं संपलं होतं.

त्या मंगळवारी कंपनीचं ऑनलाइन खातं बंद होणार होतं. त्यातलं सगळं डेटा मॉडेल, म्हणजे मशिनांच्या साऱ्या नोंदी, उतरवून माझ्या कॉम्प्युटरवर रिपोर्टची एक फाइल करायची होती. एकदा उतरवलं की मशिनांशी संबंध तुटतो, आकडे आहेत तिथेच थांबतात.

"झालं का गं? पाचला बंद करतायत," साहेबांनी विचारलं.

"होतंय."

फाइल तयार झाली. मी नेटची वायर काढली. चार नंबरचा तक्ता उघडला...

बेचाळीस.

शेवटच्या नोंदीची वेळ आजची होती. तीन चव्वेचाळीस.

त्या खोलीची वीज वर्षभर तोडलेली आहे. बेलसुद्धा काढून नेलीय.

बघता बघता... त्रेचाळीस.

मी किल्ली घेऊन धावत सुटले. दार सताड उघडलं. रिकामे रॅक. बेलच्या जागी भिंतीत भोक.

"दादा, ये रे बाहेर. उघडलंय मी दार."

पाच मिनिटं मी दार धरून त्याला हाका मारत राहिले. मग परत आले.

पन्नास.

नव्या सातही नोंदी त्याच पाच मिनिटांतल्या होत्या.

दार उघडं होतं. मी समोर उभी होते. तरी तो बेल दाबत होता...

ती फाइल मी आता उघडत नाही. पुसून टाकायला हात धजत नाही.

वहिनीला यातलं काही सांगितलेलं नाही. ती अधूनमधून म्हणते, "निदान सुटले तरी ते."

मी हो म्हणते.