लाल पडलेला झेंडा

जमादार बंडप्पा होनवाडीच्या चावडीपुढं घोड्यावरून उतरले आणि कंबर धरून तसेच उभे राहिले. समोरच्या भिंतीवर निजामाचा झेंडा काढलेला होता. काल संध्याकाळपर्यंत तो पिवळा होता म्हणे. आज ताज्या विटेसारखा लालभडक होता.

"घ्या!" बंडप्पा स्वतःशीच पुटपुटले. दीड साल झालं, या भिंतींनी त्यांचा जीव नकोसा केला होता. आज मारुतीच्या देवळावर चरखा निघायचा, उद्या त्याच्यावर डांबर फासलेलं असायचं, परवा मशिदीच्या भिंतीवर कुणी काहीतरी खरडायचं, आणि तेरवा बंडप्पा घोड्यावर. चोर-दरोडेखोर सोडून रंग हुंगत हिंडायचं, ही काय नोकरी झाली?

पोलीस पाटील हणमंतप्पा धावतच आले. "जमादार, घात झाला! झेंड्याला रगत फासलं म्हणून कुणीतरी रझाकारांकडं निरोप धाडलाय. दिवेलागणीला तुकडी येतीय. दोषी दाखवा, न्हायतर चिताऱ्याला आमच्या हवाली करा, म्हणत्यात."

हवाली करणं म्हणजे काय, ते दोघांनाही माहीत होतं.

"चितारी कुठाय?"

"आत कोंडलाय. रेवणसिद्ध. कबूलबी झालाय. अन् त्याची आय म्हणतीया, म्या केलं."

"दोघंही?"

"आयच ती. लेकासाठी गळ्यात दोर घालून घेईल. थोरला सोमलिंग शिमग्यात रझाकारांच्या गोळीनं गेला. आता हा एकच उरलाय. तहसिलीतनं हुकूम आला म्हणून झेंडाबी ह्यालाच काढाया लागला."

चावडीच्या पायरीवरून नागम्मा उठली. वाळून कोळ झालेली बाई. "सायेब, त्याला सोडा. माझ्या हातानं झालंय. ऐका तर खरं..."

"बसा अव्वा, सावलीला बसा," बंडप्पा म्हणाले आणि पुढं गेले. लेकरू कोठडीत असलं की आया काय सांगतात, ते त्यांना तीस सालांच्या नोकरीत पाठ झालं होतं.

त्यांनी भिंत निरखली. झेंडा पुरुषभर उंच. लाल होतं ते नेमकं झेंड्यातच. भोवतीच्या पांढऱ्यावर लालाचा एक शिंतोडा नाही. पाण्याचे वाळलेले ओघळ मात्र वरून खालपर्यंत होते. बोट ओलं करून त्यांनी लालावर घासलं, हुंगलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पहाऱ्याला कोण होतं?"

"मैं, जमादारसाब." महबूब शिपाई डोळे चोळत पुढं आला. "रातभर पापणी लागली न्हाय. कुत्रंबी फिरकलं न्हाय."

"आणि उजाडल्यावर?"

"ही नागम्मा आली. चावडीचा सडा रोज तीच घालती. भिंतीवरची धूळ धुते म्हणाली. म्या म्हटलं, धू."

"घागरीत काय होतं?"

"पानी. आरपार दिसत होतं, साब. मैंने खुद त्यातलंच घेऊन तोंड धुतलं अन् चहाला गेलो. वापस आलो तर झेंडा लाल!"

"किती वेळ लागला चहाला?"

"बशीभर चहाला किती लागतो? तेवढ्यात एवढा झेंडा कोण रंगवंल? जिनाचं, भुताचं काम हाय."

"डोळ्याला काय झालं तुझ्या?"

"जागरन, साब. तोंड धुतल्यापास्नं आग आग होतीय."

बंडप्पांनी सुस्कारा सोडला आणि कोठडीत गेले. रेवणसिद्ध भिंतीला टेकून बसला होता. पंचविशीचा, बोटं अजून पिवळीच.

"तू लाल केलंस?"

"व्हय."

"कशानं?"

"गेरूनं."

"गेरू हाताला मातकट लागतो. हे लागत न्हाय. बरं, खालचा पिवळा कशाचा?"

"हळदीचा. रंगाची पिवडी मिळंना. सोलापूरचा माल नाक्यावर अडकलाय. हळद डिंकात खलली."

"सगळ्या चावड्यांना चुना देतात. तू भिंत पांढऱ्या मातीनं का पोतारलीस?"

रेवणसिद्धानं मान खाली घातली. "माती सवस्त पडती."

"चुनाबी काय महाग न्हाय. आयला वाचवतोस व्हय रे?"

बाहेर येऊन बंडप्पा कट्ट्यावर बसले. पाटलांनी भाकरी आणली, ती तशीच राहिली. उन्हं कलली तेव्हा ते उठले आणि एवढंच म्हणाले, "पाटील, घरनं घागरभर चिंचेचं पाणी आणवा. चांगलं आंबट. आणि त्या पोराला बाहेर काढा."

सगळे भिंतीपुढं जमले. बंडप्पा दमलेल्या आवाजात बोलू लागले.

"माझी लेक गेल्या साली उजवली. आमच्यात नवरानवरीवरनं लाल पाणी ओवाळून टाकतात, दृष्ट लागू नये म्हणून. ते लाल कशानं होतं, पाटील?"

"हळदीच्या पाण्यात चुना टाकला की..." पाटील बोलता बोलता थांबले.

"तेच. आता चुना पाण्यात कालवून ठेवला की खाली बसतो. वरची निवळी आरपार दिसती, साध्या पाण्यासारखी. महबूबनं तिनं तोंड धुतलं, म्हणून डोळ्यांची आग होतीय. तो चहाला वळला, आणि निवळी भिंतीवर पडली. रंगवायला वेळ लागतो, पाणी मारायला काय लागतंय? शिंतोडा उडाला न्हाय, कारण हळद होती तिथंच लाल झालं. रेवणसिद्धाला हे सगळं ठाऊक होतं, म्हणून तर त्यानं भिंतीला चुना दिला न्हाय. सकाळी लाल बघितल्याबरोबर त्यानं ओळखलं कुणी केलं ते, आणि गेरूची थाप मारली."

ते नागम्माकडं वळले. "तुम्ही सकाळपासनं खरं सांगत होता, अव्वा. मीच ऐकून घेतलं न्हाय. चुकलो."

नागम्माला रडू फुटलं. "रोज सडा घालायचा अन् रोज त्यो झेंडा बघायचा! माझ्या सोमलिंगाला मारणारे ह्योच झेंडा घिऊन आल्ते, सायेब. अन् त्यो काढला माझ्याच दुसऱ्या लेकानं. वाटलं, नासू दे एकदाचा. ह्याच्यावर येईल हे ध्यानातच आलं न्हाय. मला न्या. पोराला सोडा."

"आये, गप," रेवणसिद्ध म्हणाला.

पाटील हलक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे दोषी घावला. आता हिला..."

"आंबट पडलं की लाल उतरतं," बंडप्पांनी त्यांना तोडलं. "झेंडा पिवळा दिसला की गुन्हाच झाला न्हाय. निरोप खोटा होता, म्हणून मी लिहून देतो. तोंड सगळ्यांनी बंद ठेवायचं. महबूब, तूबी."

महबूबनं नागम्माकडं पाहिलं, मग मान डोलावली.

रस्त्याच्या टोकाला धूळ दिसू लागली. बंडप्पांनी तांब्या घागरीत बुडवला. तेवढ्यात नागम्मा पुढं झाली आणि तिनं तांब्या त्यांच्या हातातून काढून घेतला.

"म्या नासवला, म्याच नीट करते."

तिनं पहिला तांब्या भिंतीवर मारला. लाल विरघळून पिवळं दिसू लागलं. दुसरा मारला, तिसरा मारला. मध्येच हात थांबला.

"गेलेल्या लेकासाठी एवढंच करता आलं हुतं मला," ती म्हणाली, "अन् तेबी ह्या लेकासाठी पुसाया लागलं."

बंडप्पांनी घागर उचलून तिच्याजवळ ठेवली. खालचा कोपरा अजून लाल होता. नागम्मानं पदरानं डोळे पुसले, तांब्या भरला आणि खाली वाकली.