वैऱ्याची साक्ष

कामगार केंद्राच्या हॉलचा पत्रा ठिकठिकाणी गळत होता, आणि गळतीखाली नसलेल्या एकुलत्या एका खुर्चीवर गोरक्ष बसला होता. लता दारातच पदर पिळत उभी राहिली.

"पेरूवाली तुम्हीच का?" त्यानं बसल्या जागेवरून विचारलं.

"हो. आणि कांदेवाले तुम्ही… ते दिसतंच आहे."

धोंडीराम मास्तर खूश झाले. स्पर्धेच्या नाटकासाठी त्यांना अशीच जोडी हवी होती — एकाच नाक्यावर हातगाड्या लावून दिवसभर एकमेकांना पाण्यात पाहणारी.

गोरक्ष देवळ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, अंबडच्या कारखान्यात लेथवर. लता बालवाडीत शिकवायची. तिचा थोरला भाऊ सहादू त्याच कारखान्यात होता. तो तिला सायकलवर डबलसीट आणायचा आणि तालीम संपेपर्यंत भिंतीला टेकून बसायचा. बाप गेल्यापासून बहिणीचा घोर त्याच्या एकट्याच्या जिवाला होता.

त्यामुळे दोघांना बोलायला जागा एकच उरली — भांडण.

"तुझे कांदे बघून गिऱ्हाईक रडतं."

"गिऱ्हाईक रडतं ते तुझा भाव ऐकून." एवढं म्हणून गोरक्षनं तिच्याकडे पेरू भिरकावायचा, असं नाटकात होतं. तालमीत नुसता हात हलवला असता तरी चाललं असतं. पण तो रोज खिशातून खराच पेरू काढायचा, पिवळा, देठाला पान असलेला. डोळे वटारून फेकायचा; आणि पेरू मात्र यायचा कसा… झोपलेलं लेकरू एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर द्यावं, तसा अलगद. ती नाक मुरडून पदरात टाकायची. घरी त्यातला अर्धा सहादू खायचा. "लय गोड हाय गं," म्हणायचा.

हळूहळू मास्तरांनी न लिहिलेले टोमणेही येऊ लागले.

"काल कुठं मेली होतीस? नाक्यावर माशीसुद्धा फिरकली नाही," तो गुरकावला. आदला दिवस लतानं तापात काढला होता.

"तुझं थोबाड बघायला लागू नये म्हणून आले नाही." नजर मात्र त्याच्या शर्टाच्या तुटक्या बटणावर… तिथून हलेना.

तालीम संपली की दोघं पाठी फिरवून चपला शोधायची. चार वर्षांपूर्वी मराठवाड्यातून तिची मावशी आली होती, जळालेल्या घरातलं एक पातेलं तेवढं घेऊन. गोरक्ष वरच्या आळीचा, ती खालच्या वस्तीतली; वरच्या आळीचा राग कसा असतो, हे लताला कुणी समजावायला नको होतं. या दोघांचं हाडवैर आहे, अशी सगळ्या हॉलची खात्री झाली होती. सहादूची तर पक्की.

आणि घात झाला तो तिथंच. मालेगावचं स्थळ सांगून आलं. मुलाचे मामा म्हणाले, "पोरगी नाटकात काम करते. चौकशी करावी लागेल." सहादूनं विचार केला, मित्र तर चांगलंच बोलणार, खरं ऐकायचं तर वैऱ्याला विचारावं. त्यानं मामांना कारखान्याच्या फाटकावर नेऊन गोरक्षपुढे उभं केलं.

लताला कळलं तेव्हा तिचे हात पिठात होते. ते तसेच राहिले. एक वाईट शब्द पुरे होता — नखरेल आहे, तोंडाळ आहे, काहीही. लग्न मोडलं असतं. संध्याकाळपर्यंत ती त्या एका शब्दाची वाट पाहत बसली.

सहादू आला तो पेढे घेऊन. "वैरी असला तरी माणूस सच्चा हाय. म्हणाला, आमचं पटत नाही, पण अशी मुलगी तुम्हाला शोधून सापडायची नाही. रविवारी सुपारी फोडायची."

शनिवारी संध्याकाळी स्पर्धेचा प्रयोग होता. विंगेत दोघं पहिल्यांदाच एकटी सापडली.

"एवढी स्तुती कुणी करायला सांगितली होती?"

"खोटं बोलता आलं नाही, लता."

"मग इतके दिवस रोज कोण बोलत होतं?" तिचा आवाज चिरकला. "माझ्यासाठी एक खोटं… एकच… जमलं नाही तुला?"

त्याच्या गालावरचा रंग ओघळला. "तुझ्याबद्दल वाईट… तोंडातून निघेचना."

"बरं. उद्या जेवायला ये मग."

पहिली घंटा झाली. गोरक्ष रंगमंचाकडे न जाता थेट सहादूकडे गेला. लता मागोमाग.

"सहादूभाऊ, मी मामांना खोटं सांगितलं."

सहादूचा चेहरा उतरला. "म्हणजे? पोरीत काही वावगं हाय?"

"तिच्याबद्दल बोललो ते खरं. आमचं पटत नाही म्हणालो, ते खोटं."

सहादूची मूठ वळली. त्यानं बहिणीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली नाही. मूठ हळूहळू सुटली.

"तुझ्या घरी माहीत हाय?"

"नाही."

"मग आधी तिथं सांग. मी कशाला हात उचलू? मारायला तिथं माणसं बसलीत." तो थांबला. "उद्या सुपारीच्या आत धडधाकट परत आलास, तर मामांचे पाय मी धरीन. नाही आलास, तर हिचं नाव काढायचं नाही."

"देवळ्याची शेवटची गाडी आता सुटेल," लता म्हणाली.

"आणि नाटक?"

"तू जा."

तो तोंडाला रंग तसाच ठेवून पळत सुटला. धोंडीराम मास्तर डोकं धरून खाली बसले.

पडदा वर गेला. कांद्याच्या गाडीमागं कुणीच नव्हतं. लता त्या गाडीसमोर गेली, पदर खोचला आणि कडाडली, "पळालास? पळ. पण उद्या इथं उभा दिसला नाहीस ना, तर…"

पुढचं तिला सुचेना. प्रेक्षक पोट धरून हसत होते.