चमच्याची किणकिण

एरवी मी राईचा पर्वत करतो, कबूल. पण आज नुसती राईच सांगणार आहे. माझ्या मावसभावाच्या घरी, बाहेरच्या खोलीत, भर दुपारी घडलेली ही गोष्ट.

भाऊ व्हिडिओ एडिटर. कॅमेरा धरला की पापणीही हलायची नाही, म्हणून सगळे त्याला ‘खांब’ म्हणायचे.

वहिनीचे हात मात्र आजारानं थरथरायचे. तरी घरचे व्हिडिओ तीच काढायची, हट्टानं! त्यामुळे ती स्वतः एकातही नाही. आहे तो फक्त मागून येणारा आवाज.

ती गेल्यावर मुलीचा फोन आला.

“बाबा, आईनं काढलेला शेवटचा व्हिडिओ पाठवा ना. जरा स्थिर करून. बघताना गरगरतं.”

खांबाच्या हातचा मळ! कॉम्प्युटर प्रत्येक चित्रात खिडकीचा कोपरा, कपाची कड असल्या खुणा पकडतो. हात किती हलला ते ओळखतो, आणि चित्र तेवढंच उलटं सरकवतो. थरथर गायब.

व्हिडिओत खांब चहा ढवळत होता.

“हलवू नकोस गं, भूकंप वाटतो!”

त्यावर ती हसायची. “मग येऊन हात धरा ना!”

त्याला ते पाठ होतं.

काम संपलं. चित्र दगडासारखं स्थिर. त्यानं लावलं.

“हलवू नकोस गं...”

आणि...

काहीच नाही.

ना हसू. ना उत्तर.

आवाजाला तर त्यानं बोटही लावलं नव्हतं! घाईघाईनं मूळ व्हिडिओ उघडला.

तोही... स्थिर. तोही मुका.

“चुकलं गं माझं,” तो रडवेला झाला. “हलव. हवं तेवढं हलव!”

किण...

समोर टेबलावर त्याच्या चहाच्या कपात चमचा थरथरत होता. पंखा बंद. रस्ता सुनसान.

किण... किण...

औषधाचा पेला तिच्या हातात अस्साच वाजायचा.

पण जन्माची सवय! खांबानं झटकन कप घट्ट धरला. तळव्याखाली क्षणभर थरथर जाणवली...

थांबली.

आता रोज दुपारी तो कप भरून ठेवतो, चमचा टाकतो, आणि हात पाठीशी बांधून बसतो. चहावर साय धरते.

परवा मी गेलो होतो. तो साखर आणायला आत वळला, आणि...

किण... किण...

त्याची पावलं परतली. चमचा गप्प.

“वाजला का रे?”

“नाही रे.”

खोटं बोलण्यात माझा हात कोण धरणार? पण कसं सांगू त्याला, की ती आता त्याच्या हाताला भिते?

चहा मी तेव्हापासून बिनचमच्याचाच पितो.